वेस ओलांडली की साल बदलतं

शनिवार, ३० मे १९५३. तुम्ही तान नावाच्या गावात, चर्चसमोरच्या चौकात उभे आहात. फ्रान्सचं हे पूर्वेकडचं टोक. मागे व्होज डोंगराची रांग, पुढे राईन नदीचं सपाट खोरं, आणि नदीपलीकडे जर्मनी. काल सकाळी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर होते, पण ती बातमी अजून डोंगर उतरतेय. जगाला ती कळायला मंगळवार उजाडेल. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून कुणाला सांगायला जाऊ नका. कालप्रवासात आगाऊपणा चालत नाही.

चौकात मोटारींची रांग लागली आहे. कुणी काच पुसतंय, कुणी उगाच हॉर्न वाजवून बघतंय. आज आल्सास प्रांतातल्या ‘वाइन रस्त्या’चं उद्घाटन आहे. इथल्या गाड्या उत्तरेला निघतील आणि त्याच वेळी उत्तरेच्या टोकाहून, मार्लेनहाइम गावाहून, दुसरा ताफा दक्षिणेकडे निघेल. मधलं अंतर साधारण १७० किलोमीटर. गंमत म्हणजे रस्ता काही नवा नाही. द्राक्षमळ्यांच्या कडेनं, गावातून गावात जाणाऱ्या जुन्याच वाटा एका नावाखाली ओवल्या आहेत. उद्घाटन करायला रस्ता बांधावाच लागतो असं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

एका गाडीत मागे जागा आहे. बसा. चालवणारा पन्नाशीचा, हाताच्या बोटांवर छाटणीच्या कात्रीचे घट्टे. शेजारी त्याचे वडील, वय त्र्याऐंशी, डोक्यावर काळी बेरे टोपी. (या दोघांना इतिहासात शोधू नका, मीच त्यांना तुमच्या सोबतीला दिलंय. पण अशी माणसं त्या दिवशी त्या रस्त्यावरच्या गावागावांत होती.) आजोबांना मित्तेलबेर्गहाइमला घरी सोडायचं आहे.

आजोबांचा जन्म मार्च १८७० चा. जन्मले तेव्हा फ्रेंच. त्याच उन्हाळ्यात युद्ध पेटलं, फ्रान्स हरला, आणि १८७१ च्या तहात आल्सास जर्मन साम्राज्यात गेलं. आजोबा पाळण्यातल्या पाळण्यात जर्मन झाले. १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा फ्रेंच. १९४० साली, सत्तरीत, पुन्हा जर्मन. महायुद्ध संपता संपता परत फ्रेंच. या सगळ्यात त्यांनी घर बदललेलं नाही. पलंगही तोच असेल.

पण त्यांना विचारलंत तर ते असं सांगत नाहीत. त्यांचं पंचांगच वेगळं. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘प्लेगच्या साली’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘पानशेत फुटलं तेव्हा’ अशी वर्षं मोजतात ना, तसे आजोबा द्राक्षांवरून मोजतात. लग्न झालं त्र्याण्णवच्या हंगामात. काय ऊन होतं त्या वर्षी! घराचं छप्पर शाकारलं एकवीसच्या वाइनच्या पैशांतून. अलीकडचं चांगलं साल म्हणाल तर सत्तेचाळीस. राजे, कैसर आणि अध्यक्ष या पंचांगात कुठे बसतात ते तुम्हीच जुळवून घ्यायचं.

तुमच्यासाठी प्रवासात एक सोय आहे. इथल्या बऱ्याच गावांना तट आहे आणि तटाला वेस. वेशीपाशी गाडीतून उतरायचं आणि आत शिरायचं. आत कुठलं साल असेल ते वेस ठरवेल. पलीकडच्या वेशीतून बाहेर पडलात की गाडी १९५३ मध्ये तुमची वाट बघत असेल. भाषा आपोआप कळेल. व्हिसाही लागणार नाही.

गाडी निघते. डावीकडे गावावर एक पडका किल्ला दिसतो आणि त्यात आभाळाकडे रोखलेलं एक दगडी भोक. चौदाव्या लुईच्या हुकमावरून १६७३ साली किल्ला सुरुंगानं उडवला, तेव्हा बुरुजाचा एक तुकडा तुटून बांगडीसारखा आडवा पडला, तो अजून तसाच आहे. लोक त्याला चेटकिणीचा डोळा म्हणतात. ‘चौदा सालच्या ऑगस्टमध्ये,’ गाडी चालवता चालवता मुलगा सांगतो, ‘फ्रेंच फौज इथं तानमध्ये शिरली आणि चारही वर्षं तिनं गाव सोडलं नाही. आमचं गाव इथून शंभर किलोमीटरच्या आत, पण आम्ही जर्मन. थोरला भाऊ जर्मन गणवेशात रशियाच्या आघाडीवर. इकडे पाठवला तर पळून फ्रान्सच्या बाजूला जाईल, असा वरिष्ठांना संशय.’ आजोबा खिडकीतून राँगेन टेकडीचा उभा चढ बघत आहेत. इतक्या उतारावर घोडा चालत नाही, एवढंच ते म्हणतात.

उजवीकडे मैदान, डावीकडे डोंगर, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात द्राक्षवेली. हा पट्टा इथंच का, हे महाराष्ट्रातल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. पश्चिमेचा वारा अटलांटिकवरून पाणी घेऊन येतो, व्होजच्या माथ्यावर रिता होतो आणि इकडच्या अंगाला कोरडा उतरतो. कोलमार शहरात वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत त्याची गणना होते. घाटमाथा भिजतो आणि देश कोरडा राहतो, तोच हिशेब. नाशिकची द्राक्षं सह्याद्रीच्या ज्या आडोशाला पिकतात, तसाच हा आडोसा.

रस्त्यापासून थोडं आत, इझेनहाइमला, पहिलं दार. ही गावाची वेस नाही, मठाची. उतरा.

१५१६. वास आधी येतो. सडलेल्या मांसाचा, त्यावर मलमाचा आणि त्यावर उदाचा. संत अँथनीच्या पंथाच्या या मठात एकाच रोगाची माणसं आणतात. आधी अंगाची आग, मग मुंग्या, झटके, भास; मग बोटं काळी पडतात, कोळशासारखी, आणि शेवटी हात किंवा पाय गळून पडतो, नाही तर कापावा लागतो. लोक त्याला ‘संत अँथनीची आग’ म्हणतात. रोग येतो भाकरीतून. राय नावाच्या गरिबांच्या धान्यावर ओल्या वर्षी काळी बुरशी धरते. बाजरीवरचा अरगट आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे; हा त्याचाच युरोपातला भाऊबंद. पण १५१६ मध्ये हे कुणालाच ठाऊक नाही. मठातले साधू करतात ते एवढंच: चांगल्या गव्हाची पांढरी पोळी देतात, डुकराच्या चरबीचं मलम लावतात आणि संताच्या अस्थींवरून ओतलेली, औषधी पाल्याची वाइन पाजतात. रायची भाकरी बंद झाली की काहीजण खरंच बरे होतात. श्रेय जातं संताला.

आता चर्चमध्ये चला. भिंतीएवढी लाकडी कवाडं, आणि त्यांवर मातिआस ग्रुनेवाल्डनं नुकतंच पुरं केलेलं चित्र. क्रुसावरचा येशू. तुम्ही असा येशू पाहिलेला नाही. अंग हिरवट, जागोजागी काटे रुतलेले, कातडीवर फोड, हाताची बोटं खिळ्यांभोवती आक्रसून आभाळाकडे वळलेली. तुमच्या शेजारी दोन माणसांनी एकाला उचलून आणलंय. त्याला एकच पाय आहे. तो चित्राकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे, मग पुन्हा चित्राकडे. देवाला आपलाच रोग झालाय, हे त्याला कळायला वेळ लागत नाही. या चित्रावर पुढे ग्रंथ लिहिले जातील. त्यातला एकही त्या माणसाच्या नजरेपुढे टिकेल असं मला वाटत नाही.

(हे चित्र नंतर कोलमारला गेलं, आज ते उंटरलिंडन संग्रहालयात आहे. १९१७ मध्ये जर्मनांनी ते म्युनिकला हलवलं, १९१९ मध्ये ते परत आलं. आजोबांसारखंच त्यालाही कुणी विचारलं नाही.)

पुढचं एगिसाइम गाव गोल आहे. मध्ये वाडा, भोवती गल्लीचं एक कडं, त्याभोवती दुसरं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. अकराव्या शतकातला पोप नववा लिओ इथल्या सरदारघराण्यातला. चालत राहिलात की निघालात तिथंच येता, त्यामुळे वेशीलाही बहुधा कंटाळा येतो: साल बदलतं, पण नेमकं कुठलं ते कळत नाही. लाकडी चौकटीत माती भरलेल्या भिंती, वर झुकलेले मजले, खिडकीत फुलं. पर्यटकाला हवं ते सगळं इथं आहे, म्हणून आपण थांबत नाही. त्युर्काइमही ओलांडू या. त्याच्या दाराशी ५ जानेवारी १६७५ ला सेनापती त्युरेननं लढाई जिंकली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत डोंगरामागून फौज आणून शत्रूला गाठलं. थंडीत लढायचं नसतं, असा तेव्हाचा रिवाज. त्युरेननं तो पाळला नाही.

आणि मग गाडीतला आवाज बंद होतो. आमेर्शवीर. इथं वेस ओलांडायची गरजच पडत नाही, कारण आत १९५३ आणि १९४४ दोन्ही एकदम दिसतात. नव्या भिंतींना अजून चुन्याचा वास आहे, आणि शेजारीच काळवंडलेल्या जुन्या वेशीचा बुरुज उभा आहे. १९४४ च्या डिसेंबरात कोलमारच्या भोवती जर्मन फौजा अडून बसल्या, त्यांना हुसकावण्याची लढाई फेब्रुवारी १९४५ पर्यंत चालली. त्या हिवाळ्यात आमेर्शवीर, सिगोल्साइम, बेनवीर आणि मित्तेलवीर ही गावं जवळजवळ जमीनदोस्त झाली. वेलींच्या ओळींत सुरुंग होते. १९४५ मध्ये छाटणीला जाणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

मित्तेलवीरला गाडी थांबते. रस्त्याकडेला एक भिंत आणि तिच्यावर फुलं. १९४० मध्ये नाझींनी आल्सास गिळलं तेव्हा फ्रेंच बोलायला बंदी आली. रस्त्यांची नावं बदलली, माणसांची बदलली, ज्याँचा हान्स झाला. डोक्यावर बेरे घालणंसुद्धा गुन्हा ठरला. तेव्हा या गावानं भिंतीवर फुलझाडं लावली. निळी, पांढरी, लाल. फ्रान्सच्या झेंड्याचे रंग. फुलांवर काय खटला भरणार? आजोबा बेरे काढतात आणि पुन्हा घालतात. बंदीच्या काळात ही टोपी कुठे ठेवली होती, असं तुम्ही विचारता. ‘डोक्यावर,’ ते म्हणतात. ‘घरात असताना.’

इथं मुलगा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतो. ऑगस्ट १९४२ मध्ये हुकूम निघाला आणि आल्सासच्या पोरांना जर्मन सैन्यात सक्तीनं भरती केलं गेलं. आल्सासमधून सुमारे १,००,००० आणि शेजारच्या मोझेल भागातून आणखी ३०,०००. त्यांना ‘मालग्रे-नू’ म्हणतात, म्हणजे आमच्या मर्जीविरुद्ध. पळून जावं तर मागे आई-बापांना शिक्षा. ‘माझा मुलगा त्यात होता,’ तो सांगतो. ‘भाऊ गेला होता तिकडेच, रशियाच्या आघाडीवर. भाऊ परत आला.’ एवढ्यावर गाडी सुरू होते. मुलाचं पुढे काय झालं ते तुम्ही विचारू नका. मीही विचारलं नाही.

हा रस्ता कशासाठी, तेही इथंच समजतं. जर्मन साम्राज्याच्या काळात आल्सासची वाइन म्हणजे पाण्याच्या भावानं विकायचा माल. भरघोस पिकणाऱ्या हलक्या जाती लावायच्या आणि दुसऱ्यांच्या वाइनमध्ये मिसळायला पिंपंच्या पिंपं धाडायची. १९१८ नंतर तो बाजार तुटला. फ्रान्समध्ये ही वाइन कुणाला ठाऊक नव्हती, आणि उंच सडपातळ बाटलीमुळे ती जर्मनच वाटायची. मग चांगल्या जातींकडे वळणं आलं: रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर, मस्कत. जम बसतोय तोवर दुसरं युद्ध. बेनवीर आणि सिगोल्साइमच्या शेतकऱ्यांनी ढिगाऱ्यातून उठून सहकारी तळघरं काढली, कारण एकेकट्याकडे ना चरक उरला होता ना पिंप. सहकाराची गोष्ट अशी गरजेपोटी सुरू होते, हे आपल्या साखरपट्ट्यातल्या वाचकाला पटेल. पुढे तिचं काय होतं, तो वेगळा विषय. गिऱ्हाइकापर्यंत जायला पैसा नाही, तर गिऱ्हाइकानंच गाडी काढून दारात यावं, यासाठी हा रस्ता. सरकारी शिक्क्याचा मूळस्थानाचा दर्जा आल्साससाठी अजून नऊ वर्षं लांब आहे; तो १९६२ मध्ये येईल. पण तुम्ही गप्प बसायचं आहे.

काइजर्सबर्ग मघाशीच मागे पडलं, पण मी तुम्हाला तिथं क्षणभर परत नेतो. कालप्रवासात तेवढी मुभा असावी. १४ जानेवारी १८७५. ओढ्यावरच्या दगडी पुलाजवळच्या एका घरात, पाद्र्याच्या घरी, मूल जन्मलंय. आल्बर्ट श्वाइत्झर. आजोबांपेक्षा पाच वर्षांनी लहान, त्यामुळे जन्मतःच जर्मन. १९१३ मध्ये तो डॉक्टर होऊन आफ्रिकेत लांबारेनेला दवाखाना काढेल. ती जागा फ्रेंच वसाहतीत. पुढच्याच वर्षी युद्ध होईल आणि रोग्यांवर उपचार करणारा हा माणूस ‘शत्रूचा नागरिक’ ठरून नजरकैदेत पडेल. १९१७ मध्ये त्याला कैदी म्हणून फ्रान्सला आणतील. भारतीय विचारवंतांवर तो एक पुस्तक लिहील, ज्यातली बरीच मतं आपल्याकडच्या लोकांना पटली नाहीत. १९५२ सालचं शांततेचं नोबेल त्याला मिळालंय, पण ते जाहीर व्हायला या ३० मेपासून अजून काही महिने जायचे आहेत.

आता रिकवीर. बुरुजाखालून आत शिरा. हा डोल्डर बुरुज १२९१ चा. बाहेरून शत्रूला दरडावणारा, आतून लाकडी घरासारखा मवाळ. लोखंडी खिळे मारलेलं कवाड वर ओढलेलं आहे.

१५४०. तहान लागते. कित्येक महिने धड पाऊस नाही. राईनचं पाणी इतकं आटलंय की काही ठिकाणी माणसं पायी पलीकडे जातात असं ऐकू येतं. विहिरी तळाला गेल्या, गिरण्या थांबल्या, गुरं मेली. आणि द्राक्षं? मणी वेलीवरच सुकून मनुके होऊ लागलेत. एरवी तोडणी कधी सुरू करायची ते गावाचे कारभारी ठरवतात. दवंडी पिटल्याशिवाय कुणी घडाला विळा लावला तर दंड. यंदा दवंडी कित्येक आठवडे आधीच पिटावी लागली. बायका वाकड्या सुऱ्यांनी घड कापतात, पुरुष पाठीवरच्या लाकडी पिंपातून ते उतरवतात. पिंपाच्या पट्ट्यांनी खांदे सोललेत. चरकातून येणारा रस घट्ट, काकवीकडे झुकणारा.

तळघरात उतरा, तिथं तरी गारवा आहे. एक लठ्ठ गृहस्थ पेला दिव्यासमोर धरून बघतोय. हा ‘गुर्मे’. आज या शब्दाचा अर्थ खाण्यापिण्याचा दर्दी. इथं तो सरळ दलाल, अडत्या म्हणा. वाइन चाखायची, प्रत ठरवायची, बाहेरच्या व्यापाऱ्याशी भाव पाडायचा आणि दलाली घ्यायची. तो घोट तोंडात घोळवतो, डोळे मिटतो, आणि गप्प होतो. अडत्या गप्प झाला की शेतकऱ्यानं सावध व्हावं, हा नियम लासलगावातही लागू आहे. या वर्षाची वाइन इतकी कडक निघेल की नेहमीच्या मापानं पिणारे रस्त्यात आडवे होतील. जमीन म्हणाल तर व्युर्टेंबर्गच्या राजघराण्याची, १३२४ पासून. सहा वर्षांपूर्वी मालकानं पंथ बदलला म्हणून सगळं गाव प्रोटेस्टंट झालं. गुर्मेला या विषयात रस नाही. तो थुंकतो आणि आकडा सांगतो.

एक गोष्ट सांगायची राहील म्हणून आताच सांगतो. इथून उत्तरेला स्ट्रासबुर्गच्या जुन्या इस्पितळाच्या तळघरात एका पिंपात १४७२ ची वाइन अजून आहे. साडेपाचशे वर्षांत ती पाहुण्यांना तीनदाच पाजली गेली: १५७६, १७१८ आणि शेवटी १९४४, स्ट्रासबुर्ग मुक्त करणाऱ्या जनरल लक्लेर्कला. चव कशी होती, हे विचारणं बहुधा शिष्टाचारात बसलं नसावं.

ऊनावीर. वेलींच्या मधोमध टेकाडावर तटबंदीचं चर्च. इथं १६८७ पासून एकाच छताखाली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही प्रार्थना करतात, वेळा वाटून. प्रेमानं नव्हे, राजाज्ञेनं. पण तीनशेहून जास्त वर्षं निभावलं म्हणजे काहीतरी जमलं असेल. गावाची संत ऊना गोरगरिबांचे कपडे धुवायची, आणि एका नापिकीच्या वर्षी तिनं गावच्या झऱ्यातून वाइन वाहवली अशी आख्यायिका आहे. १९५३ मध्ये धुराड्यांवर करकोचे चोची वाजवताहेत, टकटकटक, लाकडी चिपळ्यांसारखे. वीस वर्षांनी सबंध आल्सासमध्ये त्यांच्या दहा जोड्याही उरणार नाहीत. मग याच गावात केंद्र काढून त्यांना पुन्हा वाढवावं लागेल. चालवणारा त्यांच्याकडे बघतही नाही. रोजचंच आहे ते.

रिबोविलेत वाजंत्र्यांचा मान, बेर्गहाइममध्ये चेटकीण ठरवून जाळलेल्या बायकांची आठवण. डोंगरावर ओ-केनिग्सबुर्गचा किल्ला: १६३३ मध्ये स्वीडिश फौजेनं जाळला, १९०० ते १९०८ मध्ये कैसर दुसऱ्या विल्हेल्मनं हौसेनं पुन्हा उभारला. आल्सास कायमचं जर्मन झालं, हे दगडात लिहून ठेवायचं होतं त्याला. दहा वर्षांत किल्ला फ्रान्सचा झाला आणि १९३७ च्या ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ या सिनेमासाठी ज्याँ रेन्वारनं तिथं चित्रीकरण केलं. सिनेमाच्या नावाचा अर्थ ‘महाभ्रम’. कैसर तेव्हा हॉलंडमध्ये परागंदा होता. त्यानं तो पाहिला का, कुणास ठाऊक.

शेरविलेरला उतरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी उतरणार आहे.

२० मे १५२५. वेलींना कोवळी पालवी आहे, आणि ओळींच्या मध्ये माणसं उभी आहेत. विळे, कोयते, भाले, काही तोफा. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना मागची गोष्ट आठवते. १४९३ मध्ये इथल्याच उंगेर्सबेर्ग टेकडीवर रात्री जमून काहींनी शपथ घेतली होती. त्यांच्या झेंड्यावर सिंह नव्हता, गरुड नव्हता. शेतकऱ्याचा बंदांनी बांधायचा जोडा होता. सरदाराच्या बुटाला बंद नसतात, म्हणून. कर्जाचं व्याज, कोर्टाची छळवणूक, कर, धर्मगुरूंचा दशांश, यांविरुद्धची ती शपथ. आणि त्यात ज्यू शेजाऱ्यांबद्दलचा विखारही होता. ते गाळून सांगणं बरोबर नाही. फितुरी झाली, म्होरक्यांना मारलं. यंदा पुन्हा उठाव झालाय आणि लोरेनचा ड्यूक आंत्वान पगारी फौज घेऊन डोंगराच्या घाटातून उतरलाय. तीन-चार दिवसांपूर्वी साव्हेर्नला त्यानं केलेली कत्तल सगळ्यांना कळलीय. संध्याकाळी गाव पेटतं. अंधार पडेपर्यंत हजारो माणसं या वेलींत पडलेली असतात. तुम्हाला पळता येतं, कारण तुमची गाडी पलीकडे उभी आहे.

गाडीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. मग आजोबा सांगतात की शेरविलेरची जमीन भुसभुशीत, ग्रॅनाइटची वाळू आणि गोटे, म्हणून रीसलिंगला मानवते.

समोरून हॉर्न वाजवत गाड्या येतात. मार्लेनहाइमचा ताफा. दोन्हीकडचे हात खिडकीबाहेर. धुरळा. दांबाख, आंडलाउ, आणि मग टेकडीच्या उतारावर दगडी घरांचं गाव. मित्तेलबेर्गहाइम. इथं वेस नाही. आजोबा म्हणतात, घरी नंतर, आधी कचेरीत.

या गावात एक वही आहे. १५१० पासून या गावात वाइनचा भाव लिहून ठेवतात. त्या नोंदीला ‘वाइनश्लाग’ म्हणतात. वर्ष आणि भाव. अक्षर बदलतं, शाई बदलते, लिहिणारा मरतो, दुसरा येतो. आजोबा चष्मा चढवतात आणि एक-एक पान मागे जातात. १९४०. १९१८. १८७१. त्यांचं बोट १८७० पाशी येऊन थांबतं. ती ओळ ते वाचत नाहीत, नुसतं बोट ठेवतात. मग वही पुढे उलगडून १९५३ ची जागा शोधतात. कोरी आहे. भाव शरदात ठरेल.

‘तुमच्याकडे द्राक्षं आहेत?’ ते तुम्हाला विचारतात. दिवसभरात पहिल्यांदाच.

तुम्ही सांगता, आहेत, नाशिकला.

‘तोडणी कधी?’

‘फेब्रुवारी-मार्चात.’

आजोबा मुलाकडे बघतात. मुलगा खांदे उडवतो. फेब्रुवारीत इथं वेलीची काळी खुंटं बर्फात उभी असतात. आजोबांना वाटतं तुम्ही थट्टा करताय, पण पाहुण्याला तसं म्हणायचं नाही.

‘मग पाऊस कधी पडतो?’

‘जूनमध्ये. पण बराचसा डोंगराच्या पलीकडे.’

‘हां,’ ते म्हणतात, आणि वही मिटून तिच्यावर हात ठेवतात. ‘मग ठीक आहे.’